शेअर्ड मेलबॉक्सची परवानगी: एकेकाच्या नावाने की ग्रुपला?

हॉटेलमध्ये रिझर्व्हेशनचा एक मेलबॉक्स असतो, बँक्वेट हॉलचं एक कॅलेंडर असतं आणि त्या दोन्हींवर बऱ्याच जणांचा हात असतो. एक्स्चेंजवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवर, हे उभं करताना पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरवावी लागते. परवानगी प्रत्येकाच्या नावाने द्यायची, की सिक्युरिटी ग्रुप (परवानगी देता येते असा सभासदांचा गट) करून त्याला द्यायची आणि माणसं त्यात टाकायची? पणजीचं ऑफिस आणि किनाऱ्यावरची हॉटेलं सांभाळताना मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. माझा कल आज ग्रुपकडे आहे, पण नावाने देणाऱ्यांची बाजूही लंगडी नाही.

त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा ऑटोमॅपिंगचा. फुल ॲक्सेस, म्हणजे पूर्ण मेलबॉक्स उघडायचा अधिकार, नावाने दिला की माणसाने आउटलुक बंद करून पुन्हा उघडायचं, थोडा वेळ थांबायचं, आणि त्याच्या स्वतःच्या मेलबॉक्सखाली रिझर्व्हेशनचा मेलबॉक्स आपोआप येऊन बसतो. कुणाच्या टेबलापर्यंत जावं लागत नाही. ग्रुपला फुल ॲक्सेस दिला तर हे होत नाही. मग प्रत्येकाच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये शिरून मेलबॉक्स हाताने जोडावा लागतो. नवीन माणूस आला की पुन्हा तेच. पाच-सहा जणांचं ऑफिस असेल आणि वर्षानुवर्षं तीच माणसं असतील, तर नावाने देण्यात काहीच वावगं नाही.

या सोयीची एक किंमत मात्र लक्षात घ्या. ऑटोमॅपिंगने आलेल्या मेलबॉक्सचा डेटा त्या माणसाच्याच ओएसटी फाइलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मेलच्या प्रतीत, साठतो. शेअर्ड मेलबॉक्स वेगळ्या लायसन्सशिवाय ५० जीबीपर्यंत वाढू शकतो, आणि लग्नाच्या पार्ट्यांचे मेल फोटोंसकट येतात. फ्रंट ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर आउटलुक रखडतं ते बरेचदा यामुळेच. वापरणाऱ्याला तो मेलबॉक्स स्वतःहून काढता येत नाही. आपल्यालाच परवानगी काढून, ऑटोमॅपिंग बंद ठेवून ती पुन्हा द्यावी लागते.

माझ्यासाठी निकाल लावला तो वेगळ्याच गोष्टीने. आमच्याकडे माणसं टिकत नाहीत. ऑक्टोबरात सीझन सुरू झाला की नवीन भरती, ट्रेनी येतात, पावसाळ्याच्या तोंडावर निम्मे घरी जातात, उरलेल्यांचे विभाग बदलतात. नावाने दिलेली परवानगी मेलबॉक्सवर नोंदलेली असते, माणसावर नाही. ‘या मेलबॉक्सवर कोण कोण आहे’ हे एका कमांडमध्ये कळतं. ‘ही व्यक्ती कुठे कुठे आहे’ हे विचारायला मात्र सगळे मेलबॉक्स एकामागून एक चाळावे लागतात. कॅलेंडरची परवानगी त्याहून आत, फोल्डरवर असते. ती मेलबॉक्सच्या यादीत दिसतच नाही, वेगळी बघावी लागते.

फ्रंट ऑफिसमधली एक मुलगी अकाउंट्स विभागात गेली. रिझर्व्हेशनच्या मेलबॉक्सवरून तिचं नाव रीतसर काढलं गेलं. बँक्वेटच्या कॅलेंडरवर ती एडिटर होती, म्हणजे तिला नोंदी बदलता येत होत्या, ते तसंच राहिलं. जानेवारीत, म्हणजे लेंट (ख्रिस्ती उपवासकाळ) लागण्याआधीच्या लग्नांच्या गर्दीत, तिने सवयीने ते कॅलेंडर उघडलं आणि माऊसखाली एक नोंद शनिवारवरून रविवारवर सरकली. बँक्वेट मॅनेजरचा फोन आला, “दादा, शनिवारचा हॉल रिकामा दिसतोय, लग्न गेलं कुठे?” नोंद लगेच जागेवर आली, त्या दिवशी दुसरं बुकिंग घेतलेलं नव्हतं म्हणून निभावलं. दोष त्या मुलीचा नव्हताच, तिच्या हातात तो अधिकार शिल्लक असायलाच नको होता.

मग त्या कॅलेंडरची यादी उघडून बघितली. सोडून गेलेल्यांची नावं, विभाग बदललेल्यांची नावं, आणि मधूनमधून ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारे लांबलचक आकडे, म्हणजे अकाउंटचे अंतर्गत ओळख क्रमांक. अकाउंट डिलीट झालं की फोल्डरवरच्या नोंदीतून नाव जातं, आकडा मागे राहतो. हा आकडा कुणाचा होता, हे आता सांगणार कोण? खरा धोका जिवंत अकाउंटच्या जुन्या नोंदींचा असतो, पण अशा गर्दीत त्या डोळ्यांना दिसतच नाहीत.

ग्रुप असता तर त्या मुलीला ‘फ्रंट ऑफिस’मधून काढून ‘अकाउंट्स’मध्ये टाकलं की काम झालं असतं. मेलबॉक्स, कॅलेंडर आणि सेंड ॲज (मेलबॉक्सच्या पत्त्यावरून मेल पाठवणं) असे तिन्ही अधिकार एकदम गेले असते. ती कोणत्या ग्रुपमध्ये आहे हे तिच्या अकाउंटवरच दिसतं, शोधत फिरावं लागत नाही. मेलबॉक्स हाताने जोडायचा त्रास मी यासाठी आनंदाने घेतो. तो माणूस येताना एकदाच होतो आणि माणूस तेव्हा समोर बसलेला असतो. नावांचा त्रास तो गेल्यावर सुरू होतो, आणि तेव्हा विचारायला कुणी नसतं.

ग्रुपवर जाणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच ध्यानात ठेवाव्यात. ग्रुप मेल-एनेबल्ड, म्हणजे ईमेल पत्ता असलेला, सिक्युरिटी ग्रुपच हवा, फक्त मेल वाटणाऱ्या साध्या डिस्ट्रिब्युशन लिस्टने भागत नाही. त्याला स्वतःचा ईमेल पत्ता मिळतो, तेव्हा तो ॲड्रेस लिस्टमधून लपवून ठेवा, नाहीतर कुणीतरी त्यावर मेल पाठवायला लागतं. ग्रुपमध्ये टाकलेल्या माणसाला अधिकार लगेच लागू होईलच असं नाही. मी संध्याकाळी टाकतो आणि सकाळी लॉगिन करून बघायला सांगतो.

सगळ्यात चकवणारी गोष्ट म्हणजे फोल्डरवर नावाची नोंद ग्रुपच्या नोंदीवर मात करते. ग्रुप एडिटर आहे, माणूस ग्रुपमध्ये आहे, तरी त्याला नोंद बदलता येत नाही. का? कधीकाळी कुणीतरी त्याला नावाने रिव्ह्यूअर, म्हणजे फक्त बघणारा, केलेलं असतं. ती जुनी नोंद काढली की गाडी लगेच रुळावर येते. फुल ॲक्सेसचं उलट आहे. तो असला की फोल्डरवर काय लिहिलंय याला अर्थ उरत नाही. म्हणून ज्याला कॅलेंडर फक्त बघू द्यायचं आहे, त्याला फुल ॲक्सेसच्या वाऱ्यालाही उभं करू नका.

काही जण दोन्ही टाळून कॅलेंडरचं ‘डीफॉल्ट’च, म्हणजे वेगळी नोंद नसलेल्या सगळ्यांसाठीची परवानगी, एडिटर करून टाकतात. मूळ सेटिंगमध्ये इतरांना फक्त मोकळं की व्यस्त एवढंच दिसतं आणि ते तसंच राहावं असं माझं मत आहे. डीफॉल्ट उघडं केलं की ऑफिसातल्या प्रत्येकाला बुकिंग हलवता येतं.

सेंड ॲजसाठी दोन्ही पद्धतींत सारखीच खटपट आहे, कारण फुल ॲक्सेसमध्ये ते येत नाही, वेगळं द्यावं लागतं. दिल्यावरही मेल परत येत असेल तर ‘फ्रॉम’मध्ये आपोआप सुचवलेला पत्ता पुसून ग्लोबल ॲड्रेस लिस्टमधून (कंपनीच्या सामायिक पत्त्यांच्या यादीतून) तोच पत्ता पुन्हा निवडून बघा. आणि हॉलचं कॅलेंडर रिसोर्स मेलबॉक्सवर (खोली किंवा हॉलच्या बुकिंगसाठीच्या खास मेलबॉक्सवर) असेल तर विषयाच्या जागी बुक करणाऱ्याचंच नाव दिसतं. लोक परवानगीची तक्रार घेऊन येतात, पण ते बुकिंगचं सेटिंग आहे, ग्रुप बदलून सुटणार नाही.

तक्रार कोणतीही असो, आधी त्या माणसाला ब्राउझरमधून वेबमेल उघडायला लावा. तिथे सगळं नीट चाललं तर सर्व्हरवरची परवानगी बरोबर आहे आणि शोध डेस्कटॉपच्या आउटलुकमध्ये घ्यायचा. तिथेही अडलं तरच परवानग्यांच्या याद्या उघडायच्या.

नावांवरून ग्रुपवर जायचं ठरवलंत तर क्रम असा ठेवा: आधी ग्रुपला परवानगी, मग माणसं ग्रुपमध्ये, मग दोनेक जणांकडून वेबमेलवर खात्री, आणि शेवटी एकेक नावाची नोंद काढणं. सगळी नावं एका दमात उडवू नका, ग्रुपमधून कोण राहून गेलंय हे एकेक काढतानाच समजतं. गोव्यात याला जून-जुलै बरा, चवथीनंतर पुढच्या सीझनची बुकिंगं सुरू झाली की कुणी तुम्हाला सर्व्हरला हात लावू देणार नाही.