फ्रोझन की पॅराफिन?

फोंड्याच्या वहिनींना स्तनातली कॅन्सरची गाठ काढून स्तन राखायचाय. काढलेल्या तुकड्याच्या कडांना कॅन्सर उरलाय का, हे ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शनने (तुकडा गोठवून, काप घेऊन) तपासून घ्यायचं, की पॅराफिनच्या (तुकडा मेणात बसवून केलेल्या) रिपोर्टची वाट पाहायची, यावर घरात दोन तट पडलेत.

वेळ: फ्रोझनला साधारण अर्धा तास, तेवढी भूल लांबते. पॅराफिनला काही दिवस, जीव टांगणीला.

अचूकपणा: खरी मेख इथे. स्तनात चरबी भरपूर, ती उणे 20 अंशांलाही नीट गोठत नाही, काप फाटतो. नळ्यांतच राहिलेला कॅन्सर, म्हणजे डीसीआयएस, त्यात निसटू शकतो. पॅराफिनच्या कापात, कड ओळखायला तुकड्याला बाहेरून लावलेली शाई स्वच्छ दिसते. पसरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी शाईला टेकलेल्या नसल्या की पुरे. नुसत्या डीसीआयएसला 2 मिलिमीटर मोकळी जागा पाहतात. फ्रोझन केलं तरी हा रिपोर्ट येतोच, आणि शेवटचा शब्द त्याचाच. ‘लगेच सगळं कळतं’ हे कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

दुसरं ऑपरेशन: फ्रोझनमध्ये कड खराब दिसली तर तिथल्या तिथे आणखी कापतात. पॅराफिनमध्ये तशी दिसली तर पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं.

पुन्हा भूल देणं जोखमीचं असेल, काणकोणसारख्या लांबच्या गावाहून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला खेपा जमणार नसतील आणि पॅथॉलॉजिस्ट हाताशी असेल, तर फ्रोझन मागा. बायोप्सीत डीसीआयएस जास्त असेल तर पॅराफिनवरच भिस्त ठेवा, दुसऱ्या ऑपरेशनचे पैसे बाजूला काढून.