हेवी लायसन्सचा क्लास: मास्तर एक नंबर, ऑफिस मात्र कंटाळवाणं

आमच्या गावाजवळच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमधून नुकतंच ट्रकचं लायसन्स काढलं, नाव नाही लिहीत. शिकवणारे काका जबरदस्त, आधी पंधरा मिनिटं नुसतं टायर, हवेचं प्रेशर न् ब्रेक बघायला लावतात, मग चावी देतात. रिव्हर्स घेताना माझा घाम निघाला पण एकदाही ओरडले नाहीत.

ऑफिसचं मात्र विचारू नका. पहिल्या दिवशी कोणी सांगितलंच नाही की कारचं लायसन्स काढून एक वर्ष झालेलं पाहिजे आणि वय वीस पूर्ण पाहिजे, माझ्यासोबतचा पोरगा एकोणीसचा, बिचारा हेलपाटा मारून परत गेला. आठवी पासची अट 2019 लाच गेली तरी काउंटरवर मार्कशीट मागत होते, काय बोलणार! डॉक्टरचा फॉर्म 1अ (तब्येतीचा दाखला) आणि स्कूलचा फॉर्म 5 (गाडी शिकल्याचा दाखला) लागतोच, त्यामुळे क्लास न करता 'सेटिंग' करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. नियमाने हेवीसाठी किमान 30 दिवस आणि 15 तास गाडी हातात मिळायला हवी, मी तास वहीत लिहून ठेवत होतो म्हणून शेवटचे दोन मागून घेता आले.

आणि हो, हे लायसन्स पाचच वर्षं चालतं, संपून वर्ष उलटलं की परत टेस्ट. मी तर मोबाईलला आत्ताच रिमाइंडर लावलाय. काकांसाठी पाच स्टार, ऑफिसला दोन.