जुनी बास बोट कुटुंबासाठी : दुरुस्ती, बदल आणि हंगामभराच्या वापरानंतरचा अनुभव

डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरांत राहणाऱ्यांना तलावांची वाण नाही. लुईसव्हिल आणि रे रॉबर्ट्स हे दोन मोठे जलाशय हाकेच्या अंतरावर आहेत आणि पूर्वेला गेल्यास लेक फोर्क आहे, जिथे १९९२ मध्ये टेक्सासच्या विक्रमाचा १८.१८ पौंडांचा बास मासा गळाला लागला होता. अशा ठिकाणी राहून स्वतःची बोट असावी असे वाटणे साहजिक आहे. परंतु फायबरग्लासची नवी बास बोट घ्यायची तर ४०-५० हजार डॉलरची तयारी ठेवावी लागते. म्हणून आम्ही १९९७ सालची, अठरा फुटांहून किंचित मोठी आणि १५० अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारे) इंजिन असलेली बोट विकत घेतली, हिवाळ्यात तिची दुरुस्ती केली आणि मार्चपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत ती घरच्या चौघांनी, मध्यंतरी भारतातून आलेल्या माझ्या आईवडिलांसह, नियमित वापरली. या वापराअंती माझे मत असे झाले आहे की शांत पाण्यावर सकाळचे काही तास घालवू इच्छिणाऱ्या लहान कुटुंबाला अशी बोट उत्तम साथ देते. मात्र दुरुस्तीचा बहुतेक पैसा डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी घालावा लागतो, आणि जे मूळ रचनेतच आहे ते कितीही खर्च केला तरी बदलत नाही.

मूळ रचनेविषयी थोडे सांगायला हवे, कारण पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथे आहे. लार्जमाउथ या मोठ्या तोंडाच्या जातीचे बास मासे पकडण्याच्या स्पर्धांना १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत व्यावसायिक रूप आले. रे स्कॉट यांनी १९६८ मध्ये बास मासेमारांची संघटना स्थापन केली आणि त्याच वर्षी फॉरेस्ट वूड यांनी आर्कान्सातल्या फ्लिपिन या गावी रेंजर बोटींचा कारखाना सुरू केला. स्पर्धेची गरज अशी, की दोन माणसांनी पहाटे सर्वांच्या आधी मोक्याच्या जागी पोहोचावे, उभे राहून चारही दिशांना गळ टाकता यावा, वाऱ्याने बोट भरकटू नये आणि पकडलेले मासे वजन करून परत सोडेपर्यंत जिवंत राहावेत. त्यामुळे बास बोटीला शक्तिशाली इंजिन असते, बाजू बुटक्या असतात, पुढे-मागे घराच्या ओट्यासारखे उंच सपाट भाग असतात आणि आत माशांसाठी वाहत्या पाण्याची टाकी असते. यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुटुंबाच्या दृष्टीने अडचणीची आहे. माझी आई पहिल्यांदा बोटीत पाय ठेवताना म्हणाली, "अरे, हिला कठडा कुठाय?" आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

खरेदीच्या वेळी आम्ही सर्वांत आधी कागदपत्रे पाहिली. टेक्सासमध्ये बोट आणि बाहेर टांगलेले इंजिन या दोहोंच्या मालकीचे दाखले स्वतंत्र असतात आणि ते राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाकडून मिळतात. विक्रेत्याकडे बोटीचा दाखला असून इंजिनाचा नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. बोटीच्या मागच्या भिंतीवर उजव्या बाजूला कोरलेल्या बारा अक्षरांच्या ओळख क्रमांकाचे शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष सांगतात, ते दाखल्याशी जुळतात का हे पाहणे मिनिटाभराचे काम आहे.

यानंतरची तपासणी मात्र मिनिटाची नाही, आणि जुन्या बोटीचा सगळा हिशेब तिच्यावर अवलंबून आहे. ज्या मागच्या भिंतीवर इंजिन टांगलेले असते तिला ट्रान्सम म्हणतात. त्या काळच्या पुष्कळ बोटींमध्ये ही भिंत म्हणजे फायबरग्लासच्या दोन कवचांमध्ये चिकटवलेले जाड प्लायवूड असते. बाहेरचे कवच चकचकीत राहते आणि आतले लाकूड वर्षानुवर्षे एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी पीत राहते. इंजिन अर्धे वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर अंगाचा भार टाकला आणि त्याच वेळी भिंतीकडे नजर ठेवली, तर सडलेली भिंत किंचित हलताना दिसते. आमच्या बोटीची भिंत हलली नाही, परंतु प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेल्यावर खोली मोजणाऱ्या यंत्राचा संवेदक जिथे बसवलेला होता त्याच्या आसपास आवाज बद्द येऊ लागला. विक्रेत्याच्या परवानगीने आतल्या बाजूने तिथे बारीक भोक पाडले, तेव्हा ड्रिलच्या पात्याला कोरडा भुसा न लागता काळपट, ओला, आंबूस वासाचा लगदा लागला. त्या लगद्याच्या जोरावर किंमत बरीच खाली आली.

कार्यशाळेने भिंत बदलण्याचा सांगितलेला खर्च बोटीच्या किमतीहून अधिक होता, म्हणून फायबरग्लासच्या कामात आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त शेजाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली हे काम गॅरेजमध्येच केले. इंजिन उतरवून आतले कवच कापले, कुजलेले लाकूड खरवडून काढले आणि त्या जागी प्लायवूड न घालता काचतंतूंनी मजबूत केलेल्या पॉलियुरेथेन फोमची फळी बसवली. ही फळी महाग असते, पण ती पाणी पीत नाही आणि सडत नाही. तिच्यावर जाड काचकापडाचे थर रेझिनने चढवून ते बाजूच्या भिंतींवर आणि तळावर पुरेसे लांब नेले, कारण इंजिनाचा रेटा एकट्या ट्रान्समने पेलायचा नसतो. इंजिनाच्या बोल्टची भोके आधी मोठी पाडून घट्ट इपॉक्सीने भरली आणि मग त्या इपॉक्सीतून योग्य मापाची भोके पाडली, म्हणजे पुढे कधी सील निकामी झाले तरी पाणी आतल्या गाभ्यापर्यंत जाणार नाही. घासकामाच्या वेळी उडणारी काचेची धूळ कपड्यांत, कानांत आणि गॅरेजमधल्या लोणच्याच्या बरण्यांच्या झाकणांवरही जाऊन बसते. तेव्हा श्वसनाच्या योग्य मुखवट्याशिवाय आणि घरच्यांच्या संमतीशिवाय हे काम हाती घेऊ नये. ज्यांना इतका खटाटोप नको त्यांनी कोरडी ट्रान्सम असलेली बोट जास्त पैसे देऊन घ्यावी. अंतिम हिशेबात ती स्वस्तच पडते.

इंजिन बदलावे की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. १५० अश्वशक्तीची नवी फोर-स्ट्रोक इंजिने साधारण ४५० पौंडांच्या वर भरतात, म्हणजे आमच्या जुन्या इंजिनाहून बरीच जड. तो भार मागे टांगला की बुटकी बोट मागच्या बाजूला आणखी बसते. शिवाय खर्च बोटीच्या कित्येक पट होता. सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आतला दाब) एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आले आणि गिअरच्या तेलात पाणी शिरल्याची दुधाळ छटा नव्हती, म्हणून जुने इंजिन ठेवले. कार्ब्युरेटर साफ केले, इथेनॉलमिश्रित पेट्रोलने आतून चिकट झालेल्या सर्व नळ्या बदलल्या आणि पाणी वेगळे करणारी गाळणी बसवली. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप उघडला, तेव्हा रबरी चक्राच्या पात्या एकाच बाजूला वाकून कडक झालेल्या होत्या आणि दोन पात्यांची टोके गायब होती. ते तुकडे पाण्याच्या मार्गातच कुठेतरी असणार हे उघड होते. एक थर्मोस्टॅटपाशी अडकलेला सापडला, दुसरा बहुधा माझ्या आधीच्या मालकाच्या काळातच वाहून गेला असावा. आपोआप तेल मिसळणारी यंत्रणा मेकॅनिकच्या सल्ल्याने बंद केली आणि आता टाकीतच पन्नासास एक या प्रमाणात तेल मिसळतो. १२ गॅलन पेट्रोलला साधारण ३१ औंस तेल लागते. हंगामभर इंजिनाने एकदाही दगा दिला नाही. मात्र मंद गतीत वारा मागून असला की धूर थेट बसणाऱ्यांच्या अंगावर येतो आणि माझ्या पत्नीला त्याचा त्रास होतो. पूर्ण वेगात तर अशा इंजिनाला तासाला १५ गॅलनच्या आसपास पेट्रोल लागते, त्यामुळे तो वेग आम्ही क्वचितच गाठतो.

वायरिंगबाबत मी कोणतीही तडजोड केली नाही आणि तो निर्णय सर्वाधिक फळाला आला. पंचवीसहून अधिक वर्षांत प्रत्येक मालकाने आपापले दिवे, पंप आणि रेडिओ जोडत नेले होते. मूळच्या तारांवर चिकटपट्टीचे गोळे होते आणि काही तारांना फ्यूजच नव्हता. ते सगळे उपटून कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची तार, नवा फ्यूजफलक, एलईडी दिवे आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, पाणी साचताच आपोआप सुरू होणारा पंप बसवला. पुढच्या टोकावरच्या चोवीस व्होल्टच्या विद्युत मोटारीसाठी दोन लिथियम बॅटऱ्या घेतल्या. या दोहोंमुळे मागचे सुमारे ८० पौंड वजन कमी झाले आणि वेग घेताना पुढचे टोक खाली येऊन बोट पाण्यावर समतल होण्यास लागणारा वेळ जाणवण्याइतका घटला. इंजिन सुरू करण्याची बॅटरी मात्र शिसे-आम्लाचीच ठेवली, कारण जुन्या इंजिनाची चार्जिंग व्यवस्था लिथियमला मानवेल याची खात्री देता येत नाही. लिथियमसाठी चार्जरही वेगळा लागतो आणि गोठणबिंदूखाली त्या बॅटऱ्या चार्ज करायच्या नसतात, हे खर्च मांडतानाच लक्षात घ्यावे.

आता कुटुंबासाठी केलेले बदल. ओट्यावरच्या उंच खांबाच्या खुर्च्या धावत्या बोटीत वापरण्यासाठी नसतात, म्हणून त्या काढून ठेवल्या आणि मागच्या ओट्याच्या पुढच्या कडेला पाठीला आधार देणारी, घडी होणारी दोन आसने बसवली. पुढच्या ओट्याच्या दोन्ही बाजूंना बुटक्या पोलादी मुठी लावल्या. त्या कठड्याची जागा घेत नाहीत, परंतु वडीलधाऱ्यांना धक्क्यावरून उतरताना हात ठेवायला काहीतरी असते. मागे चार पायऱ्यांची शिडी बसवली, आणि सर्व बदलांमध्ये हीच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त ठरली. काढता-घालता येणारे कापडी छत घेतले, कारण टेक्सासच्या जुलैमध्ये सकाळी दहानंतर उघड्या बोटीत बसवत नाही. गालिचा काढून फोमचे अंथरूण घातले, ते धुवायला सोपे आहे, पण गडद राखाडी रंगामुळे दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. फिका रंग घ्यावा. माशांच्या टाकीत आम्ही बर्फ, ताक आणि कलिंगड ठेवतो.

सुरक्षेच्या बाबतीत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. टेक्सासमध्ये २६ फुटांहून लहान बोट चालू असताना तेरा वर्षांखालील मुलांनी लाइफ जॅकेट घातलेलेच असावे लागते. आम्ही हा नियम सर्वांना लावतो. चालक पाण्यात पडल्यास इंजिन बंद करणारी दोरी वापरणे १ एप्रिल २०२१ पासून केंद्रीय कायद्याने आवश्यक आहे. एकदा वापरून फेकायच्या अग्निशामकाची मुदत उत्पादनापासून बारा वर्षांची असते. बोटीबरोबर मिळालेला बोटीच्याच वयाचा होता. क्षमतेच्या पाटीवर पाच माणसे लिहिलेली आहेत, त्यामुळे आईवडील असताना आम्ही सहाजण कधीही एकत्र गेलो नाही, एकजण आळीपाळीने काठावर थांबला.

पाण्यावरच्या वर्तनाविषयी स्पष्ट लिहितो. वारा मंद असताना ही बोट फार सुरेख चालते, तिची पकड पक्की आहे आणि वळणे आत्मविश्वासाने घेता येतात. दक्षिणेचा वारा वाढला किंवा शनिवारी लुईसव्हिलवर मोठ्या बोटींच्या लाटा सुरू झाल्या, की पुढे बसलेले चिंब भिजतात आणि तळाचे हादरे कमरेपर्यंत येतात. वेग एकदम कमी केल्यास स्वतःचीच लाट मागून बुटक्या ट्रान्समवर चढते, म्हणून थ्रॉटल हळूहळू मागे घ्यावा लागतो. मुलांना हवेच्या ट्यूबवर ओढण्यासाठी इंजिनाचा तीन पात्यांचा पंखा काढून कमी पिचचा (एका फेरीत बोटीला कमी अंतर पुढे ढकलणारा) चार पात्यांचा लावला. कमाल वेग थोडा घटला, परंतु कमी वेगातही बोट पाण्यावर समतल राहते, जे ओढकामाला हवेच असते. ओढताना मागे लक्ष ठेवायला किमान तेरा वर्षांचा माणूस किंवा ठरावीक मापाचा आरसा बंधनकारक आहे. रे रॉबर्ट्सच्या पाण्यात जुन्या झाडांची खोडे उभी आहेत, तिथे आम्ही आखलेल्या मार्गाबाहेर इंजिनावर जात नाही, विद्युत मोटारीवरच फिरतो. तिच्यातली जीपीएसच्या आधारे बोट एका जागी धरून ठेवण्याची सोय मासेमारीला उत्तम आहे, परंतु मुले पोहत असताना ती बंद करून नांगरच टाकावा, कारण मोटारीचा पंखा कोणत्याही क्षणी आपोआप फिरू लागतो.

ट्रेलरचे टायर नक्षी चांगली असूनही वयामुळे बदलले, चाकांची बेअरिंगे नवी घातली आणि दिवे एलईडीचे केले. याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही, मात्र हे काम पहिल्या प्रवासाआधी व्हावे. तलावातून निघताना बिल्ज, टाक्या आणि इंजिन यांतले सर्व पाणी काढून टाकणे, अशा पाण्यातून एका तलावातून दुसऱ्यात पसरणाऱ्या उपद्रवी झेब्रा शिंपल्यांमुळे, टेक्सासमध्ये बंधनकारक आहे. त्यासाठी बोट पाण्यात सोडण्याच्या उतारावर गर्दी न करता वर वाहनतळात थांबावे.

एकूण खर्च बोटीच्या खरेदीच्या दुपटीच्या जवळ गेला आणि त्यात माझ्या श्रमाचे मोल धरलेले नाही. विकायला काढली तर तो परत मिळणार नाही. या हिवाळ्यात दोन कामे उरली आहेत : ट्रेलरचे ब्रेक आणि पेट्रोलचा काटा. टाकी भरलेली असो वा रिकामी, काटा अर्ध्यावरच उभा असतो, आणि टाकी ओट्याखाली बंदिस्त असल्यामुळे त्यासाठी मागचा ओटा पुन्हा उघडावा लागणार आहे. तोवर प्रत्येक फेरीआधी गॅलन वहीत मांडून निघतो.