सेकंडहँड कॅडिलॅक सीटी५: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरून

कॅडिलॅक हा अमेरिकेतल्या जनरल मोटर्सचा लक्झरी ब्रँड. ही गाडी पुण्या-मुंबईच्या शोरूममध्ये शोधू नका. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला, तो १९५४ मध्ये बंद केला. पुढे ओपल आणली, शेवरोले आणली, तळेगावला कारखाना टाकला आणि तिथूनही गाशा गुंडाळला. या दुसऱ्या डावात कॅडिलॅक काही आपल्याकडे आलीच नाही. त्यामुळे हा अनुभव मुख्यतः अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी, आणि गाडी घ्यायची नसली तरी गाड्यांविषयी वाचायला आवडतं अशांसाठी.

गाडी २०२१ ची सीटी५. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २३७ अश्वशक्ती, दहा गिअरचं ऑटोमॅटिक, चारही चाकांना ताकद. मी डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो. कुणीतरी लीज संपल्यावर परत केलेली गाडी घेतली. मंडळाच्या गणपतीला पार्किंगमध्ये उभी केली तेव्हा पहिला प्रश्न आला, "काय रे, रिटायर झालास की काय?" टेस्ला आणि टोयोटा हायलँडरच्या त्या रांगेत कॅडिलॅक म्हणजे फ्लोरिडात गोल्फ खेळणाऱ्या आजोबांची गाडी. ज्याने विचारलं तो नंतर चालवून आला आणि उतरल्यावर त्याने किंमत विचारली. मला वाटतं या ब्रँडची आजची सगळी अवस्था एवढ्यात येते. गाडी तिच्या नावापेक्षा बरीच पुढे गेली आहे आणि नावाला ते कुणी कळवलेलं नाही.

आधी चालवण्याबद्दल. सीटी५ मुळात मागच्या चाकांवर चालणारी गाडी म्हणून आखली आहे, अमेरिकन सेडानमध्ये आता हे दुर्मीळ होत चाललंय. वळणावर ती एका अंगावर कलंडत नाही आणि स्टिअरिंगला हवं तेवढं वजन आहे. मिशिगनचे रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको, मार्चमध्ये बर्फ वितळला की जे खड्डे पडतात ते पाहून कोकणातला जुना हायवे आठवतो. अशा रस्त्यावर आत फारसं काही पोचत नाही. मात्र एका खड्ड्याने टायर खाल्लाच, आणि या गाडीत स्टेपनी नाही हे तेव्हा नीट कळलं. टो-ट्रकची वाट बघत एक्झिटजवळ बसलो. थंडीत मात्र कधी नखरे नाहीत. शून्याखाली वीस अंशांतसुद्धा बटण दाबलं की इंजिन चालू.

इंजिनाबद्दल एक गंमत. चारच सिलिंडर, तरी हायवेवर एका लयीत चाललं की त्यातले दोन ते आपणहून बंद ठेवतं. कधी बंद झाले, कधी चालू झाले, मला आजवर एकदाही कळलं नाही. यात काय विशेष, असं वाटेल. पण शेजारचे काका (गोरे गृहस्थ, नव्वदीच्या घरात, क्लार्क स्ट्रीटवरच्या जुन्या कॅडिलॅक कारखान्यात आयुष्य काढलेले, काका हे मी माझ्यापुरतं म्हणतो) हे ऐकून खो खो हसले. म्हणाले, "आम्ही हेच १९८१ मध्ये केलं होतं. आणि त्यानेच बुडालो."

ती गोष्ट खरी आहे. १९८१ ला कॅडिलॅकने सहा लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन आणलं. गरजेप्रमाणे आठ, सहा किंवा चार सिलिंडरवर चालणारं. कल्पना काळाच्या पुढची होती, पण संगणक काळाच्या मागचा. गाडी गचके द्यायची, गिऱ्हाईक परत यायचं, आणि शेवटी मेकॅनिक ती व्यवस्थाच तोडून गाडी कायमची आठ सिलिंडरवर करून द्यायचे. दुसऱ्या वर्षी बहुतेक मॉडेलांतून ते इंजिन गेलं. त्याच्या जागी आलेलं ४.१ लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन इतकं दुबळं आणि कटकटीचं निघालं की जुने लोक अजून त्याचा आकडा उच्चारताना तोंड वाकडं करतात. त्याआधी जनरल मोटर्सच्याच ओल्ड्समोबिल या ब्रँडचं डिझेल इंजिन लावून झालं होतं, त्याचीही तीच गत. १९७८ मध्ये जवळजवळ साडेतीन लाख गाड्या विकणारी कंपनी, आणि तिची चार-पाच वर्षांत ही दशा.

सगळ्यात मोठी घोडचूक मात्र इंजिनाची नव्हती. १९८२ मॉडेलची सिमरॉन. शेवरोलेची स्वस्त कॅव्हेलियर घेतली, आत चामडं घातलं, वर कॅडिलॅकचा बिल्ला लावला आणि किंमत जवळपास दुप्पट केली. लोकांना कळायला वेळ लागला नाही. काका म्हणतात, कारखान्यातल्या माणसांनाही लाज वाटायची. इंजिन फसलं तर लोक एकवेळ माफ करतात, कारण प्रयत्न दिसतो. सिमरॉनमध्ये प्रयत्नच नव्हता.

आणि हे त्या कंपनीने करावं जिची सगळी पत मोजमापावर उभी होती! इथे मला जरा मागे जावंच लागेल.

१९०२ साली हेन्री फोर्डचं आपल्या भांडवलदारांशी पटेना, तो स्वतःच्याच नावाची कंपनी सोडून गेला. मागे उरलेला कारखाना विकून टाकावा म्हणून त्यांनी यंत्रांचा कारखाना चालवणाऱ्या हेन्री लेलँडला किंमत ठरवायला बोलावलं. लेलँड आपलं एक सिलिंडरचं इंजिन सोबत घेऊनच आला. विकू नका म्हणाला, हे लावून गाड्या काढा. कंपनीला नाव दिलं ते १७०१ मध्ये डेट्रॉइट वसवणाऱ्या आंत्वान द ला मोत कॅडिलॅकचं. या गृहस्थाचं खरं आडनाव लोमे. कॅडिलॅक हे सरदारी नाव आणि आज बिल्ल्यावर दिसतं ते मानचिन्ह त्याने फ्रान्स सोडून इकडे आल्यावर स्वतःच धारण केलेलं. म्हणजे बिल्ल्याचा खानदानीपणा पहिल्यापासूनच उसना होता. खानदानी होता तो लेलँडचा हात. बंदुका आणि यंत्रांची अवजारं बनवणाऱ्या कारखान्यांत तो तयार झाला होता, आणि इंचाच्या हजाराव्या भागाइतका फरकही त्याला चालत नसे.

त्या काळी दोन गाड्या एकसारख्या नसत. सुटा भाग बसवायचा म्हणजे कानस घेऊन घासत बसायचं. १९०८ मध्ये इंग्लंडच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने कॅडिलॅकच्या तीन गाड्या घेतल्या, ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर पूर्ण सुट्या केल्या, सगळे भाग एकत्र कालवले आणि काही बाजूला काढून त्यांच्या जागी गोदामातले नवे टाकले. मग पाने आणि स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर त्या ढिगातून तीन गाड्या परत उभ्या केल्या. तिन्ही ट्रॅकवर पाचशे मैल धावल्या. त्यासाठी क्लबची ड्युअर ट्रॉफी मिळाली आणि 'जगाचं मोजमाप' अशा अर्थाचं बिरुद कंपनीने मिरवायला सुरुवात केली. हे बिरुद पुढे कितीही पोकळ झालं तरी ज्या दिवशी घेतलं त्या दिवशी शंभर टक्के कमावलेलं होतं.

पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने कंपनी विकत घेतली. १९१२ च्या गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला. त्याआधी समोर उभं राहून हँडल मारायचं, आणि ते उलटलं तर मनगट मोडायचं. मिशिगनच्या थंडीत मी बटण दाबतो ते या स्टार्टरच्या जिवावर. १९१५ च्या मॉडेलात आठ सिलिंडरचं व्ही इंजिन आलं. मग पहिल्या महायुद्धात विमानांची इंजिनं करण्यावरून लेलँडचं मालकांशी वाजलं, तो बाहेर पडला आणि त्याने लिंकन कंपनी काढली. ती कर्जात बुडाली, १९२२ मध्ये विकत कुणी घेतली? हेन्री फोर्डने. अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या लक्झरी गाड्या एकाच म्हाताऱ्याच्या, आणि दोन्हींच्या कुंडलीत फोर्ड.

उन्हाळ्यात हिकरी कॉर्नर्सच्या गिलमोर संग्रहालयात गेलो होतो. डेट्रॉइटहून दोन-अडीच तास, जुन्या कॅडिलॅकसाठी तिथे वेगळी इमारत आहे. १९३० चं सोळा सिलिंडरचं इंजिन बघण्यासारखं आहे: वायरी आणि नळ्या सगळ्या झाकलेल्या, नुसतं मुलामा दिलेलं धातुकाम. महामंदी नुकतीच सुरू झालेली आणि यांनी हे काढलं! अर्थात विक्री कोसळली. त्या काळातली एक हकीकत मला या ब्रँडची सगळ्यात महत्त्वाची वाटते. कृष्णवर्णीयांना गाडी विकायची नाही असं कंपनीचं धोरण होतं. निकोलस ड्रायस्टाट हा दुरुस्ती विभाग सांभाळणारा जर्मन माणूस. वर्कशॉपमध्ये फिरताना त्याला दिसलं की गाड्या घेऊन येणाऱ्यांत कृष्णवर्णीय डॉक्टर, मुष्टियोद्धे, गायक बरेच आहेत. चांगलं घर विकत घ्यायला त्यांना मज्जाव, चांगल्या हॉटेलात प्रवेश नाही. पैसा दिसेल अशी एकच वस्तू घेता येत होती, आणि तीसुद्धा एखाद्या गोऱ्या माणसाला वरचे पैसे देऊन त्याच्या नावावर. ड्रायस्टाट वरिष्ठांपुढे जाऊन म्हणाला, ते वरचे पैसे दुसऱ्याच्या खिशात का जाऊ द्यायचे? हिशेब व्यापारी होता, माणुसकीचा नव्हे. पण धोरण बदललं, आणि कॅडिलॅक वाचायला त्याची मदत झाली असं मानतात. १९३४ मध्ये तोच कॅडिलॅकचा प्रमुख झाला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतात आणि बोलण्यात ही गाडी एवढी का भिनली आहे ते इथे कळतं.

जुन्या कॅडिलॅकच्या मागच्या बाजूला दिसतात ते उभे पंख १९४८ चे, लॉकहीडच्या पी-३८ लढाऊ विमानावरून सुचलेले. १९५९ पर्यंत ते इतके उंच झाले की संग्रहालयात त्या गाडीच्या मागे उभा राहिलो तर हसूच आलं. सुंदर आहे का? मला नाही वाटत. बघत मात्र राहतो माणूस.

परत माझ्या गाडीकडे. सगळ्यात वापरलेली सोय म्हणजे सुपर क्रूझ, म्हणजे हायवेवर गाडीने स्वतःच स्टिअरिंग सांभाळणं. २०१७ मध्ये कॅडिलॅकच्याच सीटी६ मध्ये ती पहिल्यांदा आली. आधीच नकाशात मोजून ठेवलेल्या हायवेवर स्टिअरिंगवरची हिरवी पट्टी लागली की हात सोडायचे. नजर रस्त्यावर आहे ना, हे स्टिअरिंगजवळचा कॅमेरा बघत असतो. फोनकडे पाहिलं की पट्टी लुकलुकते, तरी नाही ऐकलं तर लाल होते आणि सीट थरथरते. आय-९४ ने शिकागोला जाताना खरोखर थकवा कमी येतो. रस्त्याच्या कामाचे नारिंगी पिंप आले किंवा बर्फाने पट्टे झाकले की ती सोय हात वर करते, आणि मिशिगनमध्ये वर्षाचे दोनच ऋतू असतात, बर्फाचा आणि पिंपांचा. सुरुवातीची तीन वर्षं संपल्यावर महिन्याची वर्गणी आहे, सेकंडहँड घेणाऱ्याने ती हिशेबात धरावी.

उणिवा. आतलं सामान नीटनेटकं आहे, पण जर्मन गाडीचं दार उघडल्यावर जो 'वा' निघतो तो इथे निघत नाही. दोन लिटरचं इंजिन जोरात पळवलं की आवाज साधाच येतो. सोळा सिलिंडरच्या घराण्यात चार सिलिंडरचं हे अपत्य शांत असतं तोवरच भारदस्त. प्रीमियम पेट्रोल घाला अशी शिफारस आहे. माझी सरासरी गॅलनला पंचवीस मैलांच्या आसपास. मागे दोन मोठी माणसं आरामात बसतात, पण सीट खाली आहे. आई सांगलीहून आली होती, तिचा अभिप्राय: "गाडी गोड आहे रे, पण उतरताना पाटावरून उठल्यासारखं वाटतं." डिकी तर गाडीच्या लांबीकडे बघता फारच लहान, बारा घनफुटांच्याही किंचित आत. आईच्या दोन बॅगांपैकी एक मागच्या सीटवर तिच्या शेजारी बसून आली.

नवी घेऊ का, असं विचारणाऱ्याला मी नाही म्हणेन. अमेरिकन लक्झरी सेडानची किंमत पहिल्या तीन वर्षांत धाडकन उतरते. सिमरॉनच्या काळात गेलेली पत अजून पूर्ण परत आलेली नाही, २००३ च्या सीटीएस या मॉडेलपासून गाड्या सुधारत आल्या तरीही, आणि त्याची किंमत पहिला मालक मोजतो. त्यामुळे लीजवरून आलेली, एका हातची, सर्व्हिसची नोंद असलेली बघा. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन परवडत असेल तर तेच घ्या, आवाजाची तक्रार मिटते. सुपर क्रूझ सगळ्या गाड्यांत नाही. स्टिअरिंगच्या वरच्या कडेला पट्टी आहे का ते आधी पाहा, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. ट्रायलला जाताना डिकीत घालून बघायला घरची मोठी बॅग घेऊन जा, आणि आईवडील येणार असतील तर त्यांना मागे बसवून एकदा उतरायला सांगा.