डेअरडेव्हिल कुठून सुरू करायचा: बेंडिस-मलीव्ह की मार्क वेड?

टीव्हीवरची मालिका बघून डेअरडेव्हिलची कॉमिक्स वाचावीशी वाटली, की पहिलीच अडचण येते ती सुरुवात कुठून करायची याची. स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी हा आंधळा वकील-नायक १९६४ साली आणला. तेव्हापासून शेकडो अंक निघाले आहेत. अगदी पहिल्या अंकापासून वाचायला बसू नका. पिवळ्या पोशाखातला तो डेअरडेव्हिल (लाल पोशाख सातव्या अंकात वॉली वुडने दिला) आज वाचताना दम लागतो, आणि खरी मजा येण्याआधीच माणूस पुस्तक मिटून ठेवतो. नव्या वाचकाने दोनच टप्प्यांतून निवड करावी असं मला वाटतं. एक, लेखक ब्रायन मायकल बेंडिस आणि चित्रकार अ‍ॅलेक्स मलीव्ह यांचा, २००१ ते २००६. दुसरा मार्क वेडचा, २०११ ते २०१५. त्यात चित्रं आधी पाओलो रिवेरा आणि मार्कोस मार्टिन यांची, नंतर ख्रिस सॅमनीची.

दोन्ही जोड्यांच्या डोक्यावर एकच ओझं होतं, फ्रँक मिलरचं. १९७९ साली मिलर चित्रकार म्हणून आला तेव्हा हे कॉमिक दोन महिन्यांतून एकदा निघत होतं आणि बंद पडायच्या बेतात होतं. १९८१ पासून त्याने लेखनही हाती घेतलं, नायकाची जुनी प्रेयसी आणि मारेकरी एलेक्ट्रा आणली, स्पायडर-मॅनचा शत्रू असलेला किंगपिन इकडे ओढून आणला आणि सगळ्याला गुन्हेगारी कादंबरीचा रंग दिला. तेव्हापासून डेअरडेव्हिल म्हणजे अंधार, पाप, पश्चात्ताप आणि मार खाणारा नायक, हे समीकरणच झालं. पुढे जो लेखक येईल त्याला दोनच वाटा होत्या: त्या अंधारात आणखी आत जायचं, नाहीतर बाहेर पडायचं.

बेंडिस आत गेला. त्यांचा पहिला अंक म्हणजे २६वा. त्यात सिल्क नावाचा नवखा गुंड किंगपिनच्याच माणसांना फितवतो आणि सगळे मिळून त्या अवाढव्य माणसाला भोसकतात. ज्युलियस सीझरची आठवण यावी असा प्रसंग. पण खरा घाव वेगळाच आहे. मॅट मर्डॉक हाच डेअरडेव्हिल, ही बातमी एका सनसनाटी वर्तमानपत्रात छापून येते. सुपरहिरोच्या कॉमिक्समध्ये असं गुपित फुटलं की काही अंकांत कसंबसं सावरून घेतात. बेंडिसने सावरलं नाही. वकील असलेला माणूस आता जाहीर खोटं बोलतो, वर्तमानपत्रावरच दावा ठोकतो, आणि घराबाहेर पत्रकारांचे कॅमेरे हलत नाहीत. तो बरोबर वागतोय असं आपल्याला वाटत असतं आणि त्याच वेळी त्याचं खोटं टोचतही असतं. मला या टप्प्यात सगळ्यात जास्त हलवून गेला तो व्हाइट टायगरचा खटला. खुनाचा आरोप असलेल्या एका जुन्या, विसरल्या गेलेल्या नायकाचं वकीलपत्र मॅट घेतो. तीन अंक जवळजवळ सगळे कोर्टातच आहेत, मारामारी फारशी नाही, तरी खाली ठेवता येत नाहीत.

मलीव्हची चित्रं फोटोवरून काढल्यासारखी, खरखरीत. त्यावर मॅट हॉलिंग्जवर्थचे मळकट तपकिरी, गंजलेले रंग. न्यूयॉर्कमधल्या हेल्स किचन या वस्तीच्या गल्लीतला दमट वास यावा अशी ती पानं आहेत. कधीकधी मात्र एकाच चेहऱ्याच्या चौकटीमागून चौकटी येतात आणि बोलणं चालूच राहतं. इथे एक सावधगिरीची सूचना. बेंडिसचे संवाद तुटक, एकमेकांचं वाक्य तोडणारे, न्यूयॉर्कच्या बोलीतल्या इंग्रजीचे आहेत. इंग्रजी झरझर वाचायची सवय नसेल तर पहिले दोन-तीन अंक जड जातात. मधले ५१ ते ५५ हे अंक डेव्हिड मॅकचे आहेत, मूळ कथेपासून बाजूला. चित्रं सुंदर आहेत, पण घाई असेल तर ते नंतर वाचले तरी चालतं. आणि शेवट? बेंडिस ८१व्या अंकाला नायकाला गजाआड ठेवून निघून जातो. म्हणजे पुढचं एड ब्रुबेकर आणि मायकल लार्क यांचं पुस्तक घेणं आलंच. खर्च धरताना हे लक्षात असू द्या.

वेड बाहेर पडला. हे वाटतं त्याहून अवघड काम होतं, कारण २०१० पर्यंत मॅटची इतकी परवड झाली होती की त्याला हसताना दाखवणंही खोटं वाटलं असतं. वेडचा मॅट ठरवून हसतो. मित्र फॉगी नेल्सनला त्याची काळजी वाटते, हा काहीतरी झाकतोय असं वाटतं, आणि फॉगीचं फारसं चुकत नसतं. नंतरच्या १८ अंकांच्या दुसऱ्या संचात, सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यावर, मॅटचं नैराश्य उघडपणे समोर येतं. म्हणून ‘वेडचा डेअरडेव्हिल हलकाफुलका आहे’ असं कोणी सांगितलं तर ते अर्धवट वाचून बोलतायत असं खुशाल समजा.

पण मी वेडच्या बाजूने झुकतो ते चित्रांमुळे. हा माणूस आंधळा आहे, त्याला जग आवाज, वास आणि रडारमधून कळतं, हे आपण कायम वाचत आलो. रिवेराने ते दाखवलं. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायकाच्या भोवतीचं शहरच आवाजांच्या शब्दांनी बनलेलं आहे. आत वस्तूंच्या कडा रेषारेषांनी उमटतात आणि आपणही क्षणभर डोळ्यांवरचा भरवसा सोडतो. मग सातवा अंक येतो. नाताळच्या पार्टीत मॅट जो स्वेटर घालून वावरतो त्यावर लिहिलेलं असतं, ‘मी डेअरडेव्हिल नाही’. बेंडिसच्या टप्प्यात ज्या गुपिताने त्याचं आयुष्य उद्ध्वस्त केलं, तेच तो छातीवर मिरवतोय! त्यानंतर अंध मुलांची सहल, बर्फात बसचा अपघात, आणि मुलांना सुखरूप न्यायची जबाबदारी एकट्या मॅटवर. पडणारा बर्फ आवाज गिळून टाकतो, त्यामुळे त्याचं रडारही निकामी होतं. पानं जवळजवळ पांढरी आहेत. २०१२ साली सर्वोत्तम एकल अंकाचा आयझनर हा कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार याच अंकाला मिळाला. सर्वोत्तम चालू मालिकेचा आयझनर बेंडिस-मलीव्ह यांनी २००३ साली घेतला होता, वेडच्या मंडळींनी २०१२ साली. तेव्हा पुरस्कार बघून निवड करता येणार नाही.

वेडने बेंडिसचं काही पुसलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. मॅट कोर्टात उभा राहिला की समोरचा वकील डेअरडेव्हिलचा विषय काढतो आणि खटला भरकटतो. मग मॅट आणि फॉगी पक्षकारांनाच स्वतःची बाजू मांडायला शिकवतात. फुटलेल्या गुपिताचा हा धागा वेड छत्तिसाव्या अंकापर्यंत नेतो, आणि तो संपतो तिथेच, कोर्टात. काय होतं ते सांगत नाही.

घरात बारा-तेरा वर्षांचं मूल वाचणार असेल तर वेड घ्या. बेंडिसमधला रक्तपात आणि एकूण जग मोठ्यांचं आहे. टीव्ही मालिकेतला किंगपिन, ती गल्ली, ते वातावरणच हवं असेल तर बेंडिसकडे जा, तुमची निराशा होणार नाही. दोन्ही टप्पे साधारण पन्नास-पंचावन्न अंकांचे आहेत, म्हणजे वेळ सारखाच लागेल. वेडचे ३६ अंक आणि नंतरचे १८ मिळून गोष्ट पुरी होते, पुढचं काही घ्यावं लागत नाही.

तरीही मन ठरत नसेल तर आधी तो बर्फातला सातवा अंक एकटाच वाचा. मागचं काही माहीत नसलं तरी कळतो, आणि अर्ध्या तासात वाचून होतो.