टेक डायव्हिंगच्या नावाखाली माझे १ लाख १३ हजार गेले

मी मालवणचा. गेली चार वर्षं सीझनमध्ये, ऑक्टोबर ते मे, स्कूबाच्या होडीवर मदतनीस आहे. ॲडव्हान्स्ड ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबाच्या दुसऱ्या पायरीचं कार्ड आहे, लॉगबुकात ४१ डाइव्ह आहेत. पुढे टेक्निकल (टेक), म्हणजे नेहमीच्या मर्यादेपलीकडचं डायव्हिंग शिकायचं मनात होतंच. त्यात नौदलाची निवृत्त नौका 'गुलदार' निवतीजवळ बुडवून तिथे पाण्याखालचं पर्यटन सुरू करायची योजना आली, तेव्हापासून इथल्या पोरांना वाटतंय की आता चांगल्या डायव्हरना मागणी येणार. मला गाठणाऱ्या माणसाने बोलणं सुरू केलं ते इथूनच.

बाहेरचा होता, बोलायला गोड. आठ वर्षं परदेशात टेक इन्स्ट्रक्टर होतो म्हणाला. कोर्स, सामानाचं भाडं, बोट आणि सर्टिफिकेट मिळून ९५ हजार. ६० हजार आधी, बाकीचे सुरू झाल्यावर. आईने पतपेढीत ठेवलेली ठेव मोडून पहिला हप्ता दिला. ती एवढंच म्हणाली, "पैसे दिलंस, पावती खंय आसा?" मी म्हटलं, यूपीआयने दिलेत, नोंद आहे. नोंद आहेच, पण पैसे कशासाठी दिले ते त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

हे शिक्षण महाग का, हे आधी समजून घ्या. साध्या डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर, आणि अडचण आली तर सावकाश पण थेट वर येता येतं. टेकमध्ये ती सोय नाही. अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून ठरावीक खोलीवर ठरावीक मिनिटं थांबावंच लागतं. म्हणून पाठीवर जोडसिलिंडर, श्वास घ्यायचे दोन रेग्युलेटर, आणि बगलेला जास्त ऑक्सिजनचा वेगळा सिलिंडर. प्रत्येक वस्तूचे, प्रत्येक भरलेल्या गॅसचे पैसे लागतात. इन्स्ट्रक्टरची फी, पुस्तकं, कार्ड, बोट हे बहुतेक ठिकाणी वेगवेगळं धरतात. म्हणून नुसता एक आकडा ऐकून हो म्हणू नका. त्यात काय आहे आणि काय नाही हे कागदावर घ्या.

मी सगळ्यात मोठी चूक केली ती अटींच्या बाबतीत. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेक ४० कोर्सला किमान ३० डाइव्ह तर हव्यातच, शिवाय नायट्रॉक्सचं (हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या गॅसचं) कार्ड हवं, डीप डायव्हरचं कार्ड किंवा तेवढ्या खोल डाइव्हचा पुरावा हवा, डॉक्टरची सही हवी. माझ्याकडे ती दोन्ही कार्डं नव्हती. मी तसं सांगितलं तर तो म्हणाला, "तुझं मी सांभाळून घेतो." मला त्याचा आधार वाटला. खरं तर तिथूनच परत फिरायला हवं होतं.

पाण्यात तीनदा उतरलो. खोली आणि वेळ मोजणाऱ्या माझ्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर सर्वांत जास्त खोली ८.७ मीटर. "आधी बॅलन्स, मग खोली," हे त्याचं उत्तर. तोवर उरलेले ३५ हजारही गेले होते. मग ५० टक्के नायट्रॉक्सचे म्हणून आणखी १८ हजार घेतले आणि नायट्रॉक्सची हिरवी-पिवळी पट्टी चिकटवलेला सिलिंडर दिला. तो अजून आमच्या पडवीत आहे.

गोव्यात डाइव्ह शॉपवर काम करणारा माझा मित्र गणपतीला आला होता, बॅगेत ऑक्सिजन ॲनालायझर होता. त्याने आधी मोकळ्या हवेत यंत्र लावलं, ऑक्सिजन २०.९ टक्के. मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह जरासा उघडला. आम्ही दोघं आकड्याकडे बघत बसलो. २०.९. हलेचना. साधी हवा भरून मला नायट्रॉक्स म्हणून विकली होती.

पैशांपेक्षा हे मला जास्त लागलं. कॉम्प्युटरवर ५० टक्के लावून मी खोलातून वर येताना त्यातला श्वास घेतला असता, तर कॉम्प्युटरने मला लवकर वर सोडलं असतं आणि नायट्रोजन अंगातच राहिला असता. उलट चूकही तितकीच घातक: ५० टक्के ऑक्सिजन २२ मीटरच्या खाली ओढला तर झटके येऊ शकतात, आणि पाण्याखाली झटका आला की तोंडातला रेग्युलेटर सुटतो. म्हणून सिलिंडर कोणीही भरलेला असो, ॲनालायझरवरचा आकडा स्वतः बघा आणि सिलिंडरवर चिकटवलेल्या टेपवर स्वतःच्या हाताने लिहा.

त्याचा इन्स्ट्रक्टर नंबर संस्थेच्या साइटवर टाकला तर दुसऱ्याच माणसाचं नाव आलं. ही तपासणी फुकट होते, पाच मिनिटांची आहे. नुसता इन्स्ट्रक्टर आहे की नाही एवढंच बघू नका, तो आज चालू यादीत आहे का आणि नेमका तोच टेक कोर्स शिकवायला मान्य आहे का, हे संस्थेला ईमेल करून विचारा.

बाबांना सगळं शेवटी सांगितलं. त्यांची जन्मभर मासेमारी, खोली ते वावातच मोजतात. ४० मीटर म्हणजे साधारण बावीस वाव. ते म्हणाले, "बावीस वाव पाणी हयसर खंय आसा? तेका किती लांब जावचा लागता, म्हायती आसा?" आमच्या होड्या किल्ल्याभोवती जेमतेम पाच-सहा वावात फिरतात. खोल डाइव्ह कुठे करायच्या आणि तिथे न्यायला बोट कुठली, हे मी त्या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, पोलीस ठाण्यात यूपीआयच्या नोंदी आणि चॅटसकट तक्रार दिली. त्याचा फोन बंद आहे. वेंगुर्ल्याच्या दोन पोरांकडून कळलं की नवीन नंबरवरून तोच आवाज पुढच्या सीझनचं बुकिंग घेतोय, आणि त्यांनाही म्हणाला, अटींचं मी सांभाळून घेतो. त्यांना मी पडवीतला सिलिंडर दाखवायला बोलावलंय.