‘72 टक्के रिकव्हरी झाली, ताई’

बिघडलेला व्हिडिओ परत मिळवून देतो म्हणणाऱ्या एकाने मला 12,719 रुपयांना फसवलं. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे नातेवाइकांनी पुन्हा पुन्हा विचारायला नको. 1,499 ‘तपासणी’चे, 6,500 ‘लॅब’चे आणि 4,720 ‘हेडर डिक्रिप्शन’चे. त्या शेवटच्या रकमेत 18 टक्के जीएसटी धरलेला, आणि बिलावर जीएसटी नंबरच नाही!

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला संध्याकाळी ती जात्यावरच्या ओव्या म्हणत होती. कॅमेरा लावला होता, मध्येच बॅटरी गेली. कार्डावर 11 जीबीची फाइल दिसते, पण उघडत कशातच नाही. नेटवर शोधलं तर पहिलीच जाहिरात या माणसाची. कार्ड कुरिअर करा, व्हिडिओ निघाला नाही तर पैसे परत. कार्ड पाठवण्याआधी मी कार्डावरचं सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं होतं, तेवढीच अक्कल कामी आली. मूळ कार्ड कुणाच्या हाती देऊ नका, आणि त्यावर पुन्हा शूटिंगही करू नका.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर ‘72 टक्के रिकव्हरी झाली, ताई’ आणि सोबत आजीची एक फ्रेम. तिथेच कळायला हवं होतं. फ्रेममध्ये आजी हिरव्या लुगड्यात. हिरवं ती सकाळी होमाला नेसली होती, ओव्यांना बसली ती चिंतामणी रंगाचं नेसून. म्हणजे पठ्ठ्याने माझ्याच कार्डावरचा सकाळचा फोटो उचलला, कडा कापल्या आणि मलाच पाठवला. आता घरचे विचारतात, रंग दिसला नाही? नाही दिसला. मी आजीचा चेहरा बघत होते. तुम्ही काय बघितलं असतं? त्याच रात्री 6,500 पाठवले.

दुसरी गोष्ट. त्याच कॅमेऱ्यातली चालणारी क्लिप आहे का, हे त्याने एकदाही विचारलं नाही. एमपी4 फाइलमध्ये चित्र आणि आवाज आधी लिहिले जातात. कुठली फ्रेम कुठे आहे याची सूची, म्हणजे मूव्ह अ‍ॅटम, बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग बंद करताना शेवटी लिहितात. बॅटरी मध्येच गेली की ती राहूनच जाते. ती नव्याने बांधायला बहुधा त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची धड फाइल नमुना म्हणून लागते. यात ‘डिक्रिप्शन’ कुठून आलं? कुलूपच नाही तर किल्लीचे पैसे कसले? पण हे मला 4,720 गेल्यावर कळलं.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. पैसे गेल्या गेल्या फोन करा, उशीर झाला की रक्कम गोठवणं अवघड होतं. मी ‘पैसे परत’च्या आशेवर थांबले होते. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात साहेब नाहीत, मग साहेब बंदोबस्तात, मग साहेब म्हणाले, ‘तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा.’ खोटा फोटो दाखवून पैसे उकळणं दिवाणी कसं? फसवणुकीच्या कलम 420 चं नव्या न्याय संहितेत 318 झालं, ठाण्यातलं उत्तर तेच राहिलं. वर एक हवालदार हसून म्हणाला, ‘ओव्या पुन्हा म्हणायला सांगा की आजींना.’ आजीचा आवाज आता बसलाय. हे त्याला कशाला सांगू?

व्हिडिओ भाच्याने काढून दिला. अनट्रंक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्याला सकाळची क्लिप नमुना म्हणून दिली. आवाज काही ठिकाणी मागेपुढे होतो, पण ओव्या ऐकू येतात. काही कॅमेरे कार्ड परत घातल्यावर स्वतःच फाइल दुरुस्त करायची का विचारतात. तिथे घाईत फॉरमॅट दाबू नका. संगणकावर ओबीएस या सॉफ्टवेअरने रेकॉर्ड करणाऱ्यांनी फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवावा, वीज गेली तरी तोवरचं बहुतेक टिकतं.

कार्ड अजून त्याच्याकडेच आहे. परत हवं असेल तर 900 रुपये ‘रिटर्न चार्ज’, असा त्याचा शेवटचा मेसेज. तोही तक्रारीला जोडलाय.